पिवळ्या कॅसेटमधला बेसबॉल

मागचे काही भाग आपण लढाया, किल्ले आणि पलटणींमध्ये घालवले. आज जरा रजा घेऊ. आजचा इतिहास माझ्या घराच्या माळ्यावरून खाली आलेला आहे, आणि तो एका खेळाचा आहे.

मी मारतहळ्ळीत राहतो, हे तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्रातले पाहुणे हे नाव ऐकून खूश होतात, म्हणतात मराठ्यांची हळ्ळी. इथली मंडळी दुसरीच कथा सांगतात, की शेजारच्या एचएएलनं बनवलेल्या 'मारुत' विमानावरून हे नाव पडलं. तो वाद आज नको. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एक खोका निघाला. आत राखाडी रंगाचा टीव्ही गेम, वायरचा गुंता झालेले दोन रिमोट, एक अडॅप्टर आणि एक पिवळी कॅसेट. नातू नऊ वर्षांचा. मुलानं खटपट करून तो डबा टीव्हीला जोडला. कॅसेट बसेना, तेव्हा आम्ही बापलेकांनी एकदमच तिच्यात फुंकर मारली. ही विद्या विसरत नाही माणूस. पडद्यावर नावांची यादी आली. नातवानं ती वरून खाली वाचली आणि विचारलं, "आबा, ह्यात क्रिकेट कुठंय?"

मुलगा माझ्याकडे बघून हसला. कारण १९९६ साली, पुण्यात, नेमका हाच प्रश्न त्यानं मला विचारला होता. तेव्हा मी म्हणालो होतो, "असेल रे, नीट बघ." क्रिकेट नव्हतं. बेसबॉल होता. का होता, याचं उत्तर त्याला द्यायला मला जवळजवळ तीस वर्षं लागली, तेच आज सांगतो.

आधी बेसबॉल आणि बेंगळुरू यांचं एक जुनं नातं. आमच्या शेजारचा विमान कारखाना सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारच्या मदतीनं १९४० च्या डिसेंबरात उभा केला. तेव्हा युद्ध चालूच होतं आणि १९४३ मध्ये कारखान्याचा कारभार अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाकडे गेला. म्हणजे बेसबॉलवर वाढलेली अमेरिकन पोरं माझ्या आजच्या घरापासून हाकेच्या अंतरावर विमानं दुरुस्त करत होती. युद्ध संपलं, ती परत गेली, आणि त्यांचा खेळ काही इथं रुजला नाही. पन्नास वर्षांनी बेसबॉल आपल्या घरात आला तो अमेरिकेकडून नव्हे, जपानकडून, आणि तोही चोरवाटेनं.

जपानमध्ये बेसबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखं आहे. निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी मुळात पत्ते बनवणारी. तिनं १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम नावाचा घरगुती खेळाचा डबा बाजारात आणला, किंमत १४,८०० येन. त्याच वर्षी ७ डिसेंबरला त्यावर 'बेसबॉल' आला. नावात काही कल्पकता नाही. टेनिसचा खेळ तो 'टेनिस', गोल्फचा तो 'गोल्फ', तसा हा. एकट्या जपानात त्याच्या वीस लाखांहून अधिक कॅसेट खपल्या. १९८५ च्या ऑक्टोबरात निन्टेन्डो न्यूयॉर्कच्या बाजारात उतरली, तेव्हा तिथं आधीच्या खेळकंपन्या इतक्या आपटल्या होत्या की दुकानदार टीव्ही गेम हा शब्दही ऐकून घेत नव्हते. त्यांची खात्री पटवायला जे खेळ पुढं केले गेले, त्यात अमेरिकन माणसाला लगेच ओळखीचा वाटणारा खेळ अर्थातच बेसबॉल.

आता तो खेळ कसा होता, हे जरा निगुतीनं सांगतो, कारण त्यातच गंमत आहे. रिमोटच्या डाव्या बाजूला अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं. हे बटण निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये एका छोट्या हातातल्या खेळासाठी काढलं, आणि पुढं साऱ्या जगानं ते उचललं. बेसबॉलचं मैदान म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन. खाली फलंदाज, उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा. अधिकचं चिन्ह आणि हा चौकोन एकमेकांवर तंतोतंत बसतात. उजवीकडे दाबलं की चेंडू पहिल्या बेसकडे, वर दाबलं की दुसऱ्याकडे, खाली दाबलं की थेट घराकडे. अंगठ्याखाली अख्खं मैदान! गोलंदाजी करतानाही तेच बटण. चेंडू वेगात टाकायचा, संथ टाकायचा की वळवायचा, ते दिशेवर ठरायचं.

पण क्षेत्ररक्षक मात्र तुमच्या ताब्यात नाहीत. ते आपोआप पळतात. चेंडू त्यांच्या हातात आला, की कुणाकडे फेकायचा एवढंच तुम्ही ठरवायचं.

मी त्या वर्षी उत्तरेत होतो आणि दोन महिन्यांच्या रजेवर पुण्याला आलो होतो. हे यंत्र मीच तपकीर गल्लीतून आणलं होतं, अठराशे रुपयांना, गैरहजेरीची भरपाई म्हणून. फौजी बापाला भरपाईची ही सवय असते. पहिल्या दिवशी खेळायला बसलो तर माझे क्षेत्ररक्षक ऐकेनात. मी बटण दाबतोय, गडी आपल्याच चालीनं, वरातीतल्या घोड्यासारखा दुडकत चाललाय. मी म्हटलं, रिमोट बिघडलाय, दुकानदाराला परत करतो. दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही पळवायचं नाही त्याला. तो आपला आपण पळतो. तुम्ही फक्त कुठं फेकायचं ते सांगा." तेव्हा माझ्याकडे एका कंपनीची कमान होती. मी गप्प बसलो. नकाशावर बोट ठेवून जागा सांगायची आणि पुढं पळणाऱ्याच्या पायांवर भरवसा ठेवायचा, हे मला दुसऱ्या कुणी इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं. पळणारे कधीकधी चुकीच्या दिशेनंही पळतात, तेही खेळात अगदी हुबेहूब होतं.

संघांची नावं नव्हती, नुसती इंग्रजी अक्षरं होती. सी, डी, जी, एस, टी, डब्ल्यू. जपानच्या सेंट्रल लीगमधल्या सहा संघांची ही आद्याक्षरं: कार्प, ड्रॅगन्स, जायंट्स, स्वॅलोज, टायगर्स, व्हेल्स. हे मला फार नंतर कळलं. कॉलनीतल्या पोरांना त्याच्याशी काय देणंघेणं? त्यांनी डब्ल्यूला वेस्ट इंडीज केलं, एसला श्रीलंका. १३ मार्चला ईडन गार्डन्सवर श्रीलंकेनं आपल्याला उपांत्य सामन्यात हरवून जेमतेम दोन महिने झाले होते, त्यामुळे एस घ्यायला कुणी तयार नसे. ज्याची पाळी चुकली, त्याच्या गळ्यात एस. भारतासाठी आय हे अक्षरच नव्हतं. त्यावर बरीच चर्चा होऊन टी हा भारत ठरला. टी म्हणजे तेंडुलकर.

आता मूळ प्रश्न. क्रिकेट का नव्हतं?

खेळ बनवणारे लोक एक उत्तर देतात, आणि ते अगदीच खोटं नाही. बेसबॉल पडद्यावर बसवायला सोपा. चेंडू समोरच्या काटकोनातच जायला हवा, मागं गेला तर फाऊल. क्रिकेटमध्ये लेट कट आहे, लेग ग्लान्स आहे, चेंडू चोहीकडे जातो. दोन फलंदाज एकाच वेळी पळतात. बाद होण्याचे प्रकार तेव्हा दहा होते. बेसबॉलच्या पळणाऱ्याला थांबायला ठरलेला बेस असतो. १९८३ च्या यंत्रात हे सगळं क्रिकेट कोंबणं जड गेलं असतं, हे मान्य. पण अशक्य नव्हतं. मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअर कंपनीनं १९९२ मध्ये निन्टेन्डोच्या याच घरगुती यंत्रावर 'इंटरनॅशनल क्रिकेट' करून दाखवलं. ते विकलं गेलं फक्त ऑस्ट्रेलियात. तेव्हा ऑस्ट्रेलियाची वस्ती पावणेदोन कोटी, आपली नव्वद कोटींच्या आसपास. पावणेदोन कोटींसाठी क्रिकेट बनलं, नव्वद कोटींसाठी बनलं नाही. इथं यंत्राची अडचण हे उत्तर संपतं.

त्या ऑस्ट्रेलियन कॅसेटचं पुढचं गणितही बघा. अमेरिका-युरोप-ऑस्ट्रेलियातल्या निन्टेन्डोला ७२ पिनांची कॅसेट लागे, आणि आत एक कुलूप-चिप असे. कंपनीच्या परवान्याशिवाय बनलेली कॅसेट ते यंत्र चालूच होऊ देत नसे. जपानच्या मूळ फॅमिकॉमला मात्र ६० पिनांची कॅसेट आणि कुलूप नाही. पहिल्या यंत्राच्या वेळी कुणाला वाटलं असेल की एवढी चोरी होईल? तैवानमध्ये त्याच्या चिपांची नक्कल झाली, आणि त्या नकलेतून निघालेले डबे रशियापासून आपल्यापर्यंत पसरले. आपल्याकडे 'लिटल मास्टर' आला. लिटल मास्टर! आपल्यासाठी हे नाव म्हणजे सुनील गावसकर, आणि त्या नावाच्या डब्यावर पोरं खेळणार मारिओ, काँट्रा आणि बेसबॉल.

बेसबॉलच का, तर तो लहान होता म्हणून. पूर्ण खेळ २४ किलोबाइटचा. तुमच्या मोबाइलमधल्या एका साध्या फोटोच्या जागेत असे शंभर बेसबॉल राहतील. १९८३-८४ चे सुरुवातीचे जपानी खेळ सगळे असेच आटोपशीर, आणि त्यांच्या कॅसेटमध्ये जादा चिपही नसे. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला एकाच कॅसेटमध्ये पंचवीस-तीस खेळ सहज भरता येत. मग वरच्या कागदावर छापायचं, ९९९९९९ इन वन. आमच्या कॅसेटवर तेच छापलं होतं. मुलानं एका रविवारी वही घेऊन मोजलं. तेच खेळ नाव बदलून, वेगळ्या टप्प्यापासून सुरू करून, पुन्हापुन्हा. खरे निघाले चोवीस. बेसबॉल सात नावांनी होता.

म्हणजे मंडळी, आपल्या मुलांनी काय खेळावं हे तैवानमधल्या कुणी कारागिरानं कॅसेटमध्ये उरलेल्या जागेवरून ठरवलं. आणि क्रिकेट कुणी बनवलं नाही, कारण बनवणाऱ्याला आपल्याकडून एक पैसा मिळण्याची आशा नव्हती. माझे अठराशे रुपये क्योटोला पोचलेच नाहीत. कंपनीच्या वहीत आपण नव्वद कोटी नव्हतो, शून्य होतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीनं संगणकाचे प्रोग्राम आले होते. म्हणजे १९९६ ला मी खरेदी केलेली वस्तू सरळसरळ चोरीचा माल होती. मला ते ठाऊक नव्हतं, हे खरं. पण ठाऊक असतं तर मी घेतलं नसतं का? पोराचा वाढदिवस होता, रजा साठ दिवसांची होती. पलटणीच्या भांडारातली एक सुई हलली तर मी हिशेब मागत असे, आणि इथं बिल मागायचंही मला सुचलं नाही. हे मी स्वतःला माफ करून सांगत नाहीये. जसं झालं तसं सांगतोय.

हातातल्या यंत्राचा इतिहास वेगळा आहे आणि जरा बरा आहे. निन्टेन्डोचा गेम बॉय २१ एप्रिल १९८९ ला जपानात आला. त्यामागंही तेच योकोई. त्यांचा आग्रह असा की नवंकोरं, महागडं तंत्र नको. जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. कुठल्याही सैनिकाला हे पटेल. रंगीत पडदा नाही, मागं दिवा नाही, पण चार पेन्सिल सेलवर तासन् तास चालायचा. पहिल्याच दिवशी त्याच्याबरोबर जे चार खेळ निघाले त्यात 'बेसबॉल' होता, आणि गोलंदाजी करायला चक्क मारिओ आणि लुईजी. दोन गेम बॉय वायरनं जोडले की दोघांना खेळता येई. आखाती युद्धात होरपळलेला, प्लॅस्टिक वितळून वेडावाकडा झालेला एक गेम बॉय कित्येक वर्षं न्यूयॉर्कच्या निन्टेन्डोच्या दुकानात काचेच्या पेटीत मांडलेला होता, पडदा चालू ठेवून.

आमच्या पलटणीतल्या एका लेफ्टनंटकडे असा गेम बॉय होता, अमेरिकेतल्या बहिणीनं पाठवलेला. उंचावर, थंडीत, सेल फार लवकर जीव सोडतात. हा पठ्ठ्या सेल बनियनच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि खेळायच्या वेळी बाहेर काढायचा. जोडायला दुसरा गेम बॉय तिथं कुठून येणार? तो यंत्राविरुद्धच खेळायचा. मी एकदा विचारलं, "नियम कळतात का रे बेसबॉलचे?" म्हणाला, "सर, पाच महिने झाले. आता कळायला लागलेत."

पुढचं भराभर सांगतो, कारण ते तुमच्या डोळ्यांदेखत घडलंय. संगणक घराघरात आले, ईए कंपनीचं क्रिकेट आलं. त्यातलं 'क्रिकेट ०७' २००६ च्या नोव्हेंबरात निघालं, आणि त्यानंतर कंपनीनं ही मालिका पुढं नेलीच नाही. आपल्याकडची पोरं ते इतकी वर्षं खेळली की नव्या खेळाडूंची नावं आणि कपडे स्वतःच भरत बसली. पण त्यांतल्या बहुतेकांनी तेही विकत घेतलेलं नव्हतं. कंपनीनं दुकान का गुंडाळलं यावर तावातावानं बोलणाऱ्यांनी आधी आपली सीडी कुठली होती ते आठवावं.

घरगुती आणि हातातल्या, दोन्ही यंत्रांवर इथल्याच माणसांनी बनवलेलं क्रिकेट यायला २०१० उजाडलं. मुंबईच्या ट्राइन गेम्सनं सोनीसाठी 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' केलं, प्लेस्टेशन २ साठी आणि पीएसपीसाठी. गल्लीतलं क्रिकेट, गल्लीतलेच नियम. प्लेस्टेशन २ तेव्हा दहा वर्षांचं म्हातारं यंत्र होतं, जगात प्लेस्टेशन ३ येऊन चार वर्षं होत आली होती. पण आपल्याकडे स्वस्त होतं ते हेच. पुन्हा योकोईंचंच सूत्र, मुरलेलं यंत्र आणि नवा उपयोग. त्याला जाणकारांनी नाकं मुरडली असतील. मला मात्र त्या पोरांचं कौतुक वाटतं. मग मोबाइल आला, खेळ फुकट आणि पैसे जाहिरातींचे किंवा आतल्या खरेदीचे, असा हिशेब बदलला. चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचं 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' आणि पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचं 'रिअल क्रिकेट' आज कोट्यवधी हातांत आहे. ज्या वहीत आपण शून्य होतो, तिथं आता आपण मोजले जातो.

आमच्या बेंगळुरूचंही यात काम आहे. १९९७ मध्ये राजेश राव यांनी इथं ध्रुव इंटरअॅक्टिव्ह सुरू केली, देशातली खेळ बनवणारी अगदी पहिल्या काहींतली कंपनी. बाहेरच्या मोठ्या खेळांची चित्रं, गाड्या, रस्ते इथं बसून घडवले गेले. २०१९ ला ती रॉकस्टारनं घेतली. माझा मुलगाही याच धंद्यात आहे, दुसऱ्या एका ठिकाणी, इथून रिंग रोडवर पाऊण तासावर. सिग्नल लागले तर दीड तास. तो क्षेत्ररक्षकांचं पळणं लिहितो. म्हणजे कोण कुठल्या चेंडूकडे, कधी, किती वेगानं धावेल ते. हे काम निवडण्यात त्या पिवळ्या कॅसेटचा किती हात, ते तोच जाणे.

एक गोष्ट राहिली. त्या रजेच्या शेवटच्या रात्री आम्ही दोघं बेसबॉल खेळत बसलो होतो. सातवा डाव चालू होता, आणि बायकोनं आता झोपा म्हणून दिवा घालवला. या खेळात अर्धवट डाव साठवून ठेवायची सोय नाही. बटण बंद केलं की सगळं पुसलं. मुलानं डाव थांबवून ठेवला आणि टीव्ही तेवढा बंद केला, म्हणजे सकाळी पुढं खेळता येईल. सकाळी सामान बांधण्यात, रेशन कार्डात आणि सासऱ्यांच्या औषधात दिवस गेला. संध्याकाळी मी झेलम एक्स्प्रेसमध्ये बसलो. पंधरा दिवसांनी बायकोचं पत्र आलं. त्यात एक ओळ होती, की तुम्ही गेल्यापासून त्यानं त्या डब्याचं बटण कुणालाही बंद करू दिलं नव्हतं, अडॅप्टर चटका बसेल इतका तापला होता, शेवटी गुरुवारी वीज गेली. पुण्यात गुरुवारी वीज जायची, हे जुन्या पुणेकरांना सांगायला नको. ते पत्र मी खिशात ठेवलं आणि रात्रीच्या गस्तीची नावं काढायला बसलो.

तर परवा, दिवाळीच्या दिवशी, नातवाला बाजूला बसवून आम्ही पुन्हा तो खेळ लावला. मी टी घेतला. मुलानं मुद्दाम एस घेतला. मी म्हटलं, "त्या दिवशी तीन-दोन होतं." तो म्हणाला, "हो, माझे तीन." मी म्हटलं, "माझे तीन." त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. नातू म्हणाला, "आबा, तुमचा माणूस पळत का नाहीये?"

मी त्याला सांगितलं.